व्हाइट मेटलची मॉडेल रेल्वे वाघीण: जोडायची कशी, रंगवायची कशी?

सोल्डरिंग आयर्नचं टोक साधारण ३५० अंशांवर असतं आणि व्हाइट मेटलचा भाग दोनशे-अडीचशे अंशांच्या आसपास पाणी होतो. हे दोन आकडे मला वाचून माहीत होते, तरीही पहिल्या वाघिणीचा पहिला बफर मी तीन सेकंदांत घालवला. रेडिओ दुरुस्तीला वापरतो तेच साधं आयर्न टेकवलं, आणि गोल, सुबक बफरच्या जागी टेबलावर एक चकचकीत थेंब उरला.

त्या थेंबाने शिकवलेली गोष्टच या लेखाचा गाभा आहे. व्हाइट मेटलचा किट म्हणजे तापमानाचा खेळ. कोणता धातू किती अंशांवर वितळतो हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं कानस, गुण्या आणि धीर यांचं काम. आणि भंडाऱ्यात राहणाऱ्या माणसाला हे समजायला फार दूर जावं लागत नाही. आपल्याकडच्या पितळी भांड्यांना पिढ्यान्‌पिढ्या जी कल्हई होते, तिचंच तत्त्व इथे लागतं. ते कसं, ते पुढे येईलच.

व्हाइट मेटल म्हणजे काय?

हा एकच ठरावीक धातू नाही. कथील, शिसं आणि अँटिमनी यांच्या मिश्रणाला, कधी त्यात थोडं बिस्मथ किंवा तांबं घालून, व्हाइट मेटल म्हणतात. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, शिसं ३२७ ला. पण ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं एकत्र केलं तर मिश्रण १८३ अंशांनाच वितळतं, म्हणजे दोघांपेक्षाही खाली. मिश्रधातूंची हीच गंमत आहे.

वितळायचं तापमान कमी, म्हणून साचा लोखंडाचा असायची गरज नाही, रबराचा चालतो. मूळ नमुना रबरात दाबून, उष्णता देऊन साचा तयार करतात. तो साचा वेगाने फिरवत मधोमध वितळलेला धातू ओततात. फिरण्याच्या जोराने धातू बाहेरच्या बाजूला फेकला जातो आणि रिव्हेटच्या टिकलीपर्यंत सगळीकडे पोहोचतो. थोड्या संख्येने माल काढणाऱ्या लहान कारखान्यांना ही पद्धत परवडते. म्हणूनच ब्रिटनमध्ये गेल्या शतकाच्या उत्तरार्धात व्हाइट मेटलचे इंजिन आणि वाघिणींचे किट घरोघरच्या छंदिष्टांपर्यंत पोहोचले.

प्लास्टिकपेक्षा फायदा म्हणजे वजन. छोटी वाघीणसुद्धा रुळावर ठाम बसते. तोटाही वजनाचाच, दहा-बारा वाघिणी लावल्या की लहान इंजिनाला दम लागतो.

आधी ठरवा: कोणत्या काळातली वाघीण?

किट हातात आला की लगेच कानस उचलू नका. वाघीण कुठली आणि कधीची, हे आधी ठरवा, कारण रंग आणि अक्षरं त्यावर ठरतात.

आपल्या जिल्ह्याचंच उदाहरण घेऊ. भंडारा रोड (वरठी) आणि तुमसर रोड ही स्थानकं मुंबई-हावडा मार्गावरची. या मार्गाचा आपल्याकडचा भाग बंगाल नागपूर रेल्वेचा, म्हणजे बीएनआरचा. १९४४ मध्ये ही कंपनी सरकारने ताब्यात घेतली. १९५२ मध्ये ती पूर्व रेल्वेत गेली आणि १९५५ मध्ये दक्षिण पूर्व रेल्वे वेगळी झाली. २००३ पासून आपण बिलासपूर मुख्यालय असलेल्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत आहोत. म्हणजे एकाच रुळावरच्या वाघिणीवर काळाप्रमाणे वेगवेगळ्या रेल्वेचं नाव येणार. १९३५ च्या चारचाकी वाघिणीवर आजच्या रेल्वेची अक्षरं लावली, तर जाणकार माणूस पहिल्या नजरेत पकडतो.

बाजारातले बहुतेक व्हाइट मेटल किट ब्रिटिश वाघिणींचे असतात. भारतातल्या जुन्या चारचाकी वाघिणींची घडण ब्रिटिश पद्धतीचीच होती (दोन बाजूंना बफर, मध्ये स्क्रू कपलिंग, खाली पाटे), त्यामुळे उघड्या चारचाकी वाघिणीचा किट आपल्याकडच्या जुन्या मालगाडीला बऱ्यापैकी शोभतो. हुबेहूब मात्र नाही, हे मान्य करूनच पुढे जायचं.

मापाचा घोळ

ब्रिटिश किट बहुधा डबल-ओ मापाचे, म्हणजे एकास ७६ या प्रमाणात असतात. त्यांची चाकं १६.५ मिलिमीटर रुंदीच्या रुळावर चालतात. आपला ब्रॉडगेज रूळ १,६७६ मिलिमीटरचा. त्याला ७६ ने भागलं तर २२ मिलिमीटर येतात. म्हणजे डबल-ओ रुळावरची ‘भारतीय’ वाघीण साडेपाच मिलिमीटर अरुंद रुळावर उभी असते. खऱ्या मापात हा फरक सुमारे ४२ सेंटिमीटरचा झाला.

यावर दोन मार्ग. एक, तडजोड मान्य करायची आणि तयार रूळ वापरायचे. दोन, लांब ॲक्सल घालून चाकं २२ मिलिमीटरवर न्यायची. पण मग रूळ आणि सांधेसुद्धा स्वतःच्या हाताने बनवायची तयारी ठेवायची. पहिल्या किटसाठी पहिलाच मार्ग घ्या.

काय काय लागतं?

- बारीक दाताच्या दोन-तीन कानशी, एक चपटी आणि एक गोल
- धारदार क्राफ्ट नाइफ आणि तारेचा छोटा ब्रश
- लहान गुण्या आणि सपाट जाड काचेचा तुकडा
- डिजिटल व्हर्निअर कॅलिपर
- दोन भागांचं इपॉक्सी, जसं अ‍ॅराल्डाइट
- तापमान कमी-जास्त करता येणारं सोल्डरिंग स्टेशन
- ७० अंशांचं लो-मेल्ट सोल्डर आणि पातळ फ्लक्स
- नेहमीचं कथील-शिशाचं सोल्डर, थोडंसं
- मेटल प्रायमर, रंग, चकचकीत आणि मॅट वार्निश

किट मागवताना चाकं आणि पितळी बेअरिंग सोबत आहेत का, ते वर्णनात नीट वाचा. अनेक किटमध्ये ती वेगळी घ्यावी लागतात, आणि परदेशातून दुसरं पार्सल यायला महिना जातो.

शिशाबद्दल सांगायलाच हवं

जुन्या किटमध्ये शिसं असतंच असं धरून चाला. नव्या काही किटवर ‘शिसंविरहित’ लिहिलेलं असतं, पण सवय तीच ठेवा. या तापमानाला शिशाची वाफ होण्याची भीती नसते. खरा धोका आहे कानशीच्या भुकटीचा आणि हातावाटे तोंडात जाण्याचा. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिशाने जे नुकसान होतं ते भरून येत नाही.

म्हणून काम करताना खाणं-पिणं बंद. आपल्याकडे हात कामात आणि खर्रा तोंडात ही सवय असते, ती या टेबलावर पूर्ण बंद. कानस कोरड्या फडक्यावर नको, ओल्या वर्तमानपत्रावर चालवा आणि कागद गुंडाळून टाकून द्या. झाडू मारू नका, भुकटी हवेत उडते. ओल्या कपड्याने पुसा. काम झाल्यावर साबणाने हात धुवा. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे काम राहत्या खोलीत करूच नका. स्वयंपाकाचं कोणतंही भांडं यात वापरायचं नाही. लो-मेल्ट सोल्डरमध्ये बऱ्याचदा कॅडमियमही असतं, त्यामुळे ते गरजेपेक्षा जास्त तापवू नका आणि खिडकी उघडी ठेवा.

पायरी १: भाग तपासा, कानस मारा

सगळे भाग पांढऱ्या कागदावर मांडून सूचनापत्राशी ताडून बघा. उघड्या चारचाकी वाघिणीत दोन बाजू, दोन टोकं, तळ, खालचे दोन लांब बीम, पाटे आणि ॲक्सलबॉक्स असलेले चार आधार, चार बफर, ब्रेकचा दांडा आणि कपलिंगचे हूक एवढे भाग असतात.

साच्याचे दोन अर्धे जिथे भेटतात तिथे धातूची पातळ कड येते. ती आधी चाकूने खरवडा, मग कानस फिरवा. मऊ धातू कानशीच्या दातांत अडकतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे कानशीवर आधी खडू घासायचा. तरी दात भरले तर तारेच्या ब्रशने साफ करा. चांगली कानस या कामाला वापरू नका, जुनीच घ्या. आणि ती पुन्हा लोखंडावर चालवू नका.

वाकलेला भाग काचेवर ठेवून बोटाने हळूहळू दाबत सरळ करा. व्हाइट मेटल एकदा वाकतं, दोनदा वाकतं, तिसऱ्यांदा तुटतं.

पायरी २: पेटी गुण्यात जोडा

पहिल्या किटला मी इपॉक्सी सुचवेन. सावकाश घट्ट होणारं घ्या, पाच मिनिटांचं नको. भाग सरकवून गुण्यात आणायला वेळ मिळतो. फेविक्विकसारखा झटपट गोंद पकडतो चांगला, पण ठिसूळ असतो. वाघीण टेबलावरून पडली की सांधा उघडतो.

एक बाजू आणि एक टोक काचेवर उभं करा, गुण्या लावा, आतल्या कोपऱ्यात गोंद भरा. असे दोन ‘एल’ तयार करा आणि दुसऱ्या दिवशी ते एकमेकांना जोडा. चारही भिंती एकदम उभ्या करायला गेलात तर पेटी हमखास तिरकी होते. मग तळ बसवा. तळ घट्ट बसत असेल तर ठोकू नका, तळालाच कानस मारा.

पायरी ३: सोल्डर आणि तापमानाची शिडी

इपॉक्सीपेक्षा सोल्डरचा सांधा मजबूत असतो आणि काही सेकंदांत होतो. फक्त ही शिडी लक्षात ठेवा:

- लो-मेल्ट सोल्डर: सुमारे ७० अंश
- उकळतं पाणी: १०० अंश
- नेहमीचं कथील-शिशाचं सोल्डर: १८३ अंश आणि वर
- व्हाइट मेटल: बहुधा दोनशे-अडीचशेच्या आसपास, काही मिश्रणं त्याहून खाली
- पितळ: ९०० अंशांच्या आसपास

७० आणि २०० यांच्या मधली जागा ही आपली कामाची जागा. स्टेशन १५० ते १८० वर ठेवा. काही स्वस्त स्टेशन २०० च्या खाली उतरतच नाहीत. तुमचं तसं असेल तर टोक एका जागी एक क्षणही थांबू देऊ नका. कोणतंही स्टेशन असो, आधी किटच्या टाकाऊ तुकड्यावर करून बघा. तो वितळला, तर भागही वितळणार.

सांध्याच्या आतल्या बाजूला फ्लक्स लावा, सोल्डरचा बारीक तुकडा टोकावर उचला आणि सांध्याला टेकवा. फ्लक्स चर्रर्र करतो, सोल्डर फटीत पळतं, लगेच टोक उचला. सोल्डर गोळा होऊन बसलं तर धातू अस्वच्छ आहे, उष्णता कमी नाही. अशा वेळी तापमान वाढवणं हीच मोठी चूक. पुन्हा खरवडा, पुन्हा फ्लक्स लावा.

पितळ आलं की कल्हई आली

बेअरिंग, हूक, कधी ब्रेकचे पातळ भाग पितळेचे असतात. ७० अंशांचं सोल्डर व्हाइट मेटलला धरतं, पण उघड्या पितळेला नीट धरत नाही. नवीन माणूस इथे अडतो आणि आयर्न तापवत बसतो.

आता कल्हईवाला आठवा. तो पितळी पातेलं तापवतो, नवसागर टाकतो आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवतो. नवसागर पितळेवरचा ऑक्साइडचा थर काढतो आणि कथील त्या स्वच्छ पृष्ठभागाला धरतं. बघता बघता पिवळं पातेलं आतून पांढरं होतं. आपल्याला हेच करायचंय, फक्त बोटाच्या नखाएवढ्या जागेवर. पितळी भाग वाघिणीपासून दूर, लाकडी फळीवर ठेवून घासून स्वच्छ करा, फ्लक्स लावा आणि आयर्न ३५० वर नेऊन नेहमीच्या सोल्डरचा पातळ थर चढवा. थंड होऊ द्या. आता आयर्न पुन्हा खाली आणा आणि कथील चढलेला हा भाग लो-मेल्ट सोल्डरने व्हाइट मेटलला जोडा. आता सांधा धरतो.

इंग्रजी सूचनापत्रात हे एका ओळीत उरकलेलं असतं. ती ओळ मी तीनदा वाचली होती आणि तिन्ही वेळा डोक्यावरून गेली. ‘आधी कल्हई कर’ असं मनाशी म्हटलं तेव्हा कळली. ज्या गावाच्या नावातच ‘भाणा’ म्हणजे पितळ असल्याचं सांगतात, तिथल्या माणसाला हे आधीच सुचायला हवं होतं.

पायरी ४: चाकं

वाघीण रुळावरून उतरते ती बहुतेक वेळा चाकांच्या चुकीमुळे. ॲक्सलची टोकदार टोकं पितळी बेअरिंगमध्ये फिरतात. डबल-ओ मापात हा ॲक्सल टोकापासून टोकापर्यंत साधारण २६ मिलिमीटर असतो. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर कॅलिपरने मोजा, ते सुमारे १४.५ मिलिमीटर हवं.

आता वाघीण काचेवर ठेवा. चारही चाकं टेकतात का? चार पायांचं स्टूल डुगडुगतं, तिवई कधीच डुगडुगत नाही. तोच हिशोब इथे आहे. एक ॲक्सल पक्का ठेवायचा आणि दुसरा मधोमध टेकून किंचित झुलेल असा ठेवायचा. मग वाघीण तीन बिंदूंवर उभी राहते आणि वाकड्यातिकड्या रुळावरही चारही चाकं खाली राहतात. किटमध्ये ही सोय नसेल तर निदान आधार चिकटवताना वाघीण चाकांसह काचेवर उभी ठेवून गोंद घट्ट होऊ द्या.

वेगळं वजन घालायची गरज सहसा पडत नाही. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या एचओ मापाच्या शिफारशीनुसार मूळ २८ ग्रॅम आणि लांबीच्या प्रत्येक इंचाला १४ ग्रॅम धरतात. म्हणजे तीन इंची वाघिणीला ७० ग्रॅम. व्हाइट मेटलची वाघीण आपोआपच तिथपर्यंत किंवा पुढे जाते.

पायरी ५: रंग, आणि आपला हंगाम

फ्लक्स आम्लधर्मी असतो. तो राहिला तर रंगाखाली डाग उठतात. भांड्याच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने वाघीण धुवा आणि दिवसभर वाळू द्या. त्यानंतर उघड्या बोटांनी हात लावू नका, तेलकट ठशावर रंग धरत नाही.

व्हाइट मेटलवर थेट रंग लावला तर नखाने सुटतो. आधी मेटल प्रायमर हवाच. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळणारा स्प्रे प्रायमर चालतो. २० ते २५ सेंटिमीटर अंतरावरून दोन हलके हात मारा. एकच जाड हात मारलात तर रिव्हेट बुजतात.

परदेशी पुस्तकांत न मिळणारी गोष्ट म्हणजे आपलं हवामान. मे महिन्यात दुपारी स्प्रे मारला तर थेंब हवेतच सुकतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. जुलै-ऑगस्टमध्ये धानाच्या बांध्या तुडुंब असतात आणि हवेत ओल इतकी, की स्प्रेच्या रंगावर, वार्निशवर पांढुरकी झाक चढते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दहा ते बारा, ही उत्तम वेळ. उन्हाळ्यातच करायचं असेल तर पहाटे करा किंवा ब्रशने इनॅमल लावा, ते सावकाश सुकतं.

क्रम असा: प्रायमर, मूळ रंगाचे दोन पातळ हात, चकचकीत वार्निश, मग अक्षरांचं डिकल, शेवटी मॅट वार्निश. चकचकीत थर मध्ये का? खरखरीत रंगावर डिकलखाली हवा अडकते आणि अक्षराभोवती चंदेरी कड दिसते.

माल आणि मळ

रंगवलेली वाघीण खेळण्यासारखी दिसते. ती खरी वाटते मळाने. तुमसर रोडवरून तिरोडीकडे जाणारी शाखा मँगनीजच्या पट्ट्यातून जाते. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या मॉइलच्या खाणी आपल्याच जिल्ह्यात आहेत. मँगनीजची भुकटी काळपट राखाडी असते. ती वाघिणीच्या आतल्या कोपऱ्यांत आणि रिव्हेटच्या खालच्या बाजूला साचते. पातळ केलेला काळा-तपकिरी रंग ब्रशने लावा आणि वरून खाली पुसा, पावसाचं पाणी जसं ओघळतं तसं.

माल भरताना एक चूक टाळा. कोळशाची वाघीण काठोकाठ भरते. मँगनीज जड असल्याने वाघीण भरायच्या बरीच आधी वजनाची मर्यादा येते. म्हणून खनिजाचे ढीग काठापेक्षा खूप खालीच ठेवा. एवढ्या एका गोष्टीने वाघीण खाणीवरून आल्यासारखी दिसते.

डोळा तयार करायचा तर खऱ्या गाड्या बघा. नागपूरच्या मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. मॉडेल रेल्वे काय उंची गाठू शकते हे बघायचं तर पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं, १९९८ मध्ये सुरू झालेलं लघुरेल्वे संग्रहालय आहे.

चुकलं तर?

लो-मेल्ट सोल्डरने जोडलेली, अजून न रंगवलेली वाघीण वाकडी झाली असेल तर ती या कामासाठीच ठेवलेल्या टाकाऊ डब्यात उकळत्या पाण्यात सोडा. ७० अंशांचं सोल्डर सुटतं, व्हाइट मेटलला काही होत नाही. पुन्हा शिडीचाच हिशोब. इपॉक्सीचे सांधेही गरम पाण्यात नरमतात. चिमट्याने भाग काढा, पुसा, परत सुरू करा. ते पाणी बागेत ओतू नका, कारण त्यात सोल्डरचे थेंब असतात. ते गाळून वेगळे ठेवा.

तयार वाघीण बंद, नव्या लाकडाच्या कपाटात ठेवू नका. काही लाकडांतून आणि फेविकॉलसारख्या गोंदातून निघणाऱ्या ॲसिटिक आम्लाने शिशावर पांढरी पूड धरते, आणि ओल असेल तर लवकर धरते. हवा खेळेल अशी काचेची फळी बरी.

माझा तो वितळलेला बफर मी टाकला नाही. टेबलाच्या कडेला आहे. आयर्न हातात घेण्याआधी त्याच्याकडे बघतो आणि मग स्टेशनवरचा आकडा बघतो.